न कळलेल्या पानाच्या बाजूने

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एका अधिकाऱ्यांनी आमच्या वाचन मंडळाचा विषय काढला. नाव घेतलं नाही, पण रोख कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळलं. ते म्हणाले, "काही शिक्षक महिन्यातून एकदा जमून कादंबऱ्या वाचतात, असं कानावर आलंय. चांगलं आहे. पण त्यातून तिसरीच्या मुलाला वजाबाकी येते का? येत नसेल तर तो छंद झाला, काम नव्हे. छंद आपापल्या घरी करावा." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याच मंडळातले दोघं होते. मला त्यांचा राग नाही. वरिष्ठांसमोर हात आवरणं किती अवघड असतं हे मलाही ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मीही तोंड उघडलं नाही.

ते न बोलणं मला लागून राहिलं आहे, म्हणून हा लेख. ज्यांना उत्तर देतो आहे ते साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे नाहीत. पावसाळ्यात मोटारसायकल चिखलात ढकलत वस्तीवरच्या शाळेपर्यंत येतात, मुलांच्या वह्या स्वतः तपासतात. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच त्यांचं म्हणणं बिनउत्तराचं सोडून चालणार नाही. शिक्षकाचं वाचन कामाबाहेरचं आहे असा समज एकदा पक्का झाला, तर तो आमच्या मंडळापुरता राहणार नाही.

आधी मंडळ काय आहे ते सांगतो. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर आमचा तालुका. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, आणि दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघालेलं. इथे जून 2009 मध्ये आम्ही सात जणांनी मंडळ सुरू केलं. आज बावीस आहोत. बहुतेक जिल्हा परिषदेचे, काही अनुदानित शाळांतले, एक निवृत्त मुख्याध्यापक. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुणाच्या तरी वर्गात सतरंजी अंथरून बसतो. डबा ज्याचा त्याचा. पुस्तक महिनाभर आधी ठरतं, प्रती आम्ही वर्गणीतून घेतो, दोघांत एक. नियम तीनच. पुस्तक वाचून यायचं, वाचलं नसेल तर खुशाल यावं, पण ऐकायला. इतिवृत्त लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि प्रत्येकानं बोलायला सुरुवात करायची ती स्वतःला न कळलेल्या पानापासून.

तिसरा नियम पहिल्या वर्षी नव्हता. तेव्हा आम्ही टाचण काढून येत होतो. लेखकाचा परिचय, कथेचा सारांश, शेवटी बोध. एकेकाचं भाषण संपायचं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं. सगळेच शिक्षक, म्हणून सगळेच एकमेकांना शिकवत होतो. एका बैठकीत मुख्याध्यापक गुरुजींनी पुस्तक उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे पान मी तीनदा वाचलं. मला कळलं नाही. कुणाला कळलं असेल तर सांगा." खोलीत कुणी हललं नाही. मुख्याध्यापकाच्या तोंडून हे वाक्य आम्ही नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. मग एका बाईंनी हळूच सांगितलं की त्याही त्याच पानाशी अडल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही भाषणं सोडून वाचन केलं.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे. शिक्षकाच्या दिवसात "मला कळलं नाही" या वाक्याला जागा नसते. वर्गात आम्ही विचारतो ते प्रश्न असे की ज्यांची उत्तरं आम्हाला आधीच माहीत असतात. पालक आले की आम्ही सांगणारे, ते ऐकणारे. प्रशिक्षणात शंका काढली तर वेळ पुरत नाही आणि सगळ्यांच्या नजरा वळतात. वरिष्ठांपुढे तर अज्ञान कबूल करणं म्हणजे शेरेबुकात शेरा ओढवून घेणं. वीस-पंचवीस वर्षं असं वागल्यावर न कळणं म्हणजे काय असतं हेच माणूस विसरतो. आणि ज्याला न कळण्याचा विसर पडला, त्याच्यासमोर दिवसभर कोण बसलेलं असतं? ज्यांना अजून कळलेलं नाही अशी मुलं.

आता साहेबांचा मुद्दा घेतो. निष्पत्ती दाखवा.

त्यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. 'असर'ची पाहणी 2005 पासून देशासमोर एक साधा प्रश्न ठेवत आली आहे: पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का? कितीतरी मुलांना तो येत नाही, ही आम्हा शिक्षकांची लाज आहे. पाहणीत खोट काढून ती लाज झाकता येणार नाही. माझ्या वर्गात अशी मुलं होती, आजही आहेत. मंडळामुळे आमच्या शाळांचे निकाल वाढले असा दावाही मी करणार नाही. तसं आम्ही मोजलेलं नाही, आणि न मोजलेल्याचा दावा करणं हे मुलांना नक्कल करू नका म्हणणाऱ्या माणसाला शोभत नाही.

पण एक गोष्ट जवळून पाहिली आहे, ती सांगतो. एका वर्षी आम्ही भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' घेतली. 1963 ची कादंबरी, मराठीत एवढी गाजलेली, पण आमच्यातल्या अर्ध्या जणांची तिच्यात गाडी अडली. चौथीला शिकवणारे एक सर म्हणाले, "मी चाळीस पानांवर थांबलो. नजर ओळींवरून जात होती, आत काही जात नव्हतं. तरी पानं उलटत राहिलो, कारण शनिवारी यायचं होतं." एवढं बोलून ते गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती असंच करत असेल का?"

पुढच्या महिन्यात त्यांनी सांगितलं. मुलगी मोठ्यानं वाचायला लावली की एकही चूक करायची नाही, आवाज खणखणीत, म्हणून पाहुणे आले की तिलाच उभं करायचे. मनात वाचायला दिलं तेव्हा सरांनी लक्ष ठेवलं. सर जवळून गेले की ती पान उलटत होती. ते शेजारी बसले, पुस्तक मिटलं आणि गोष्टीत काय झालं ते विचारलं. बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाचता येतं सर, कळत नाही." शाळेत चार वर्षं काढल्यावर हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आलं होतं. सरांनी तिला आपल्या चाळीस पानांची हकीकत सांगितली. तिला ती खरी वाटेना. सरांना कळत नाही असं कसं असेल? त्यानंतर दोघं रोज एकच परिच्छेद घ्यायचे. वाचायचा, थांबायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, धागा कुठे सुटला ते शोधायचं, मागे जायचं. सरांनी हीच रीत घरी 'कोसला'साठी वापरली आणि पुस्तक पुरं केलं.

आता या मुलीची निष्पत्ती कोणत्या रकान्यात भरायची? चाचणीत ती आधीच उत्तीर्ण होती. उतारा न अडखळता वाचते, यापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. तिचं खोटं वाचन तिच्या शिक्षकाला दिसलं, कारण दोन आठवड्यांपूर्वी त्यानं स्वतः तसंच खोटं वाचन केलं होतं आणि ते चार लोकांत कबूल केलं होतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलांना वाचायला शिकवायचं तर शिकवणाऱ्यानं वाचता वाचता अडलेलं असायला हवं, आणि हल्ली अडलेलं असायला हवं. लहानपणी कधीतरी अडलो होतो ही आठवण कामाला येत नाही.

साहेबांनी वजाबाकीचा दाखला दिला होता. मग वजाबाकीचंच सांगतो.

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती होती. तिथे डॉन लोरेंझो मिलानी या पाद्र्यानं शेतकऱ्यांच्या, शाळेनं नापास करून घरी पाठवलेल्या मुलांसाठी शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लांबलचक पत्र लिहिलं. ते 1967 मध्ये पुस्तकरूपानं निघालं, मराठीत 'प्रिय बाई' या नावानं आलं. गरिबांची मुलं शाळेतून गळतात की गाळली जातात, हा त्या पत्रातला सवाल आहे, आणि तो त्यांनी आकडे मांडून विचारला आहे. आम्ही ते पुस्तक नेमकं नोव्हेंबरात वाचलं. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या. एका वस्तीशाळेवरचे सर हजेरीपट घेऊनच आले होते. पटावर तेवीस, बाकावर नऊ.

त्यांचं न कळलेलं पान ते होतं, जिथे शाळेतून मुलगा गेल्यावर बाईंना त्याचं नावही आठवत नाही. सर म्हणाले, "मला ह्या बाईंचा राग यायला पाहिजे, पण येत नाही. मीही एप्रिलपर्यंत चौदा नावांपुढे नुसती खूण करतो. मुलं परत आली की म्हणतो, तुम्ही फार मागे पडलात." चर्चा त्या दिवशी तीन तास चालली. शिक्षण हमी कार्ड, हंगामी वसतिगृह, आजीजवळ मागे ठेवलेली मुलं, हे सगळं निघालं. उपाय कुणाकडे नव्हता.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, मुलं गावी आली. सरांनी बार्बियानाच्या मुलांची रीत वापरली. त्या मुलांनी पत्र लिहिताना सुचेल ते चिठ्ठ्यांवर टिपलं होतं, मग सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावून त्यांची प्रकरणं केली होती. सरांनी जुन्या परीक्षेच्या कागदांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या केल्या आणि मुलांना म्हणाले, "कारखान्यावर जे पाहिलं ते लिहा. येत नसेल तर सांगा, मी लिहितो." कोपीतली थंडी, पहाटे तीनला भरायच्या टायरगाड्या, वाढे विकून आलेले पैसे, पाचटात निघालेला साप. एका ढिगाला मुलांनी नाव दिलं 'उचल'. त्यात तिसरीतल्या एका मुलाची चिठ्ठी होती. बापानं मुकादमाकडून किती उचल घेतली, हंगामात किती टन तोडलं, त्यातून किती फिटली आणि किती बाकी राहिली, सगळं ओळीनं. बाकी बरोबर होती.

हाच मुलगा फळ्यावर हातच्याच्या वजाबाकीला घाबरायचा. सरांच्या नोंदीत तो "वजाबाकी येत नाही" या रकान्यात होता. त्याला वजाबाकी येत होती. घरात रोज रात्री तीच चालायची, तिच्यावर पुढच्या वर्षी कोयता पुन्हा उचलायचा की नाही ते ठरायचं. त्याला येत नव्हती ती फळ्यावरची मांडणी. सरांनी पुढचे आठ दिवस वर्गात उचलीचीच वजाबाकी शिकवली, आणि हातचा कुठून येतो हे त्या मुलानं इतरांना सांगितलं.

तेव्हा साहेब, कादंबरी वाचून तिसरीच्या मुलाला वजाबाकी येत नाही, हे खरं. पण तिसरीच्या मुलाला वजाबाकी येते हे शिक्षकाला एका पुस्तकामुळे दिसलं, हेही खरं. त्या पुस्तकानं स्थलांतर थांबवलं नाही. पुढच्या नोव्हेंबरात तो मुलगा पुन्हा गेला. मी पुस्तकाच्या पदरात त्याच्या ताकदीबाहेरचं काही टाकत नाही. मुलगा समोर बसलेला असताना तो दिसणं, एवढंच ते करतं. शिकवणं तिथूनच सुरू होतं.

हे काही आम्ही नव्यानं शोधलेलं नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत असं मागितलं होतं. लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे, वेळ पडली तर नांगर हाती धरू शकणारे शिक्षक त्यांना हवे होते. आमच्यातले बहुतेक नांगर धरणाऱ्यांच्या घरातूनच आलो. पण पगार सुरू झाला, तालुक्याच्या गावी घर झालं, मुलं इंग्रजी शाळेत गेली आणि वस्ती आमच्यापासून दूर गेली. दहा वाजता येणारा आणि पाच वाजता जाणारा माणूस वस्तीला ओळखतो तो हजेरीपटातून. नांगराकडे परत जाणं आता आमच्या हातात नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचून कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात रात्री काय बोललं जातं ते ऐकणं मात्र हातात आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकाचा वेळ मुलांचा आहे, तो गप्पांत घालवू नये. पहिलं वाक्य शंभर टक्के मान्य. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळ स्पष्ट शब्दांत मोजला आहे. म्हणजे शिकवण्याआधीची तयारी हे काम आहे, ही गोष्ट कायद्यानं कबूल केली आहे. त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. आता कुठल्याही शाळेत जाऊन विचारा, या आठवड्यात किती माहित्या ऑनलाइन भरल्या, किती उपक्रमांचे फोटो चढवले, तांदळाच्या नोंदी कुणी केल्या, मतदारयादी घेऊन दारोदार कोण फिरलं. मुलांचा वेळ कोण खातं याचा हिशेब मांडायचाच असेल तर सगळा मांडू. आमचे महिन्याचे तीन तास शाळा सुटल्यावरचे आहेत. डबा आमचा, पुस्तक आमच्या पैशाचं.

काही सहकारी विचारतात, एवढं जाड पुस्तक कशाला? मोबाईलवर पाच मिनिटांत सारांश मिळतो. मिळतो, आणि त्यात न कळलेलं पान नसतं. दुसऱ्या कुणीतरी अडचणीची पानं आधीच काढून टाकलेली असतात. हेच सहकारी मुलांनी गाइडमधून उत्तरं उतरवली की रागावतात. मुलांना जे करू देत नाही ते आपण करू नये, यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो बाहेरच्यांनी नव्हे, आमच्याच चळवळीतल्या मित्रांनी घेतला. त्यांचं म्हणणं, वाचन मंडळ म्हणजे पोट भरलेल्यांची हौस. तिथे तीच माणसं, तीच पुस्तकं, तीच वाहवा. या आक्षेपानं आमची एक चूक दाखवून दिली, ती लपवत नाही. पहिली चार वर्षं मंडळात एकही बाई नियमित येत नव्हती. बैठक रविवारी सकाळी असायची आणि "बायकांना वाचनाची आवड नाही" असं आमच्यातला एक जण म्हणाला होता. कुणी त्याला टोकलं नाही, मीही नाही. शेवटी एका बाईंनी सांगितलं, "रविवारी आठवड्याचं धुणं असतं, दळण असतं, बाजार असतो. शनिवारी दुपारी घ्या, शाळेतून परस्पर येतो." शनिवार केला आणि पहिल्याच महिन्यात सहा जणी आल्या, दोघी लेकरं घेऊन. आवड पहिल्यापासून होती, वार आमचा चुकला होता.

आणि पुस्तकांचं म्हणाल तर लक्ष्मण माने यांची 'उपरा' आम्ही वाचली तो शनिवार सांगतो. 1980 साली आलेलं, दुसऱ्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं आत्मकथन. कैकाडी समाजातलं, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारं घर आणि त्यातून शाळेत जाऊन बसलेला मुलगा. आमच्यात भटक्या समाजातून आलेले एक शिक्षक होते. दोन वर्षं येत होते, फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला न कळलेलं पान या पुस्तकात एकही नाही. तुम्हाला कोणती पानं कळली नाहीत ते ऐकायला मी आलोय." आम्ही एकेक करून आपली पानं सांगत गेलो आणि ते उत्तरं देत गेले. इतरांच्या घरी ज्या गोष्टीचा कधी विचारही करावा लागला नव्हता, ती त्यांच्या घरी रोजची होती. मंडळाच्या नियमानं त्या दिवशी जाणता कोण आणि अजाण कोण याची उलटापालट केली. शाळेच्या स्टाफरूममध्ये दहा वर्षं शेजारी बसूनही जे बोलणं झालं नसतं ते पुस्तकाच्या आडोशानं झालं. याला कुणी हौस म्हणणार असेल, तर अशी हौस प्रत्येक तालुक्यात व्हावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि इथे मी आमच्या हितचिंतकांच्या विरुद्ध उभा आहे. परिषदेनंतर दोन भल्या माणसांनी मला गाठून सांगितलं, "उपक्रम छान आहे. प्रस्ताव द्या, प्रत्येक केंद्रात सक्तीचा करू. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत, त्यात बसवू." हेतू चांगला आहे. तरीही हात जोडून सांगतो, कृपा करून असं करू नका.

सक्ती आली की अहवाल येतो. अहवाल आला की फोटो येतो. फोटोत पुस्तक हातात धरलेला शिक्षक दिसतो. चाळीस पानांवर थांबलेला दिसत नाही. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कल्पना सुंदर आहे आणि जिथे शिक्षक वाचणारा आहे तिथे तो दिवस खरोखर उजळतो. जिथे तो वाचत नाही तिथे मुलांना ओळीत बसवून, पुस्तकं उघडायला लावून छायाचित्र निघतं आणि पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. आदेशानं एवढंच घडवता येतं. "मला कळलं नाही" हे वाक्य आदेशानं बोलून घेता येत नाही. ज्याच्या हातात आपली वेतनवाढ आणि बदली आहे त्याच्यासमोर ते कुणी बोलणारही नाही. आमच्या मंडळात इतिवृत्त नाही, ते आळसापोटी नाही. कागदावर जाणार नाही याची खात्री होती म्हणूनच त्या सरांनी हजेरीपट उघडला.

मग शासनानं काहीच करू नये का? पुष्कळ करावं. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची प्रत्येक शाळेत ग्रंथालय मागते, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं. ते कपाट कुलपात न ठेवता भरावं, आणि त्यात मोठ्यांनी वाचायची पुस्तकंही असावीत. महाराष्ट्रानं 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यातून उभी राहिलेली गावोगावची वाचनालयं अनुदानाअभावी धुळीत पडली आहेत. त्यांना नव्या पुस्तकांसाठी वेळेवर पैसे द्यावेत. दुसऱ्या शनिवारी दुपारी शिक्षकांच्या बैठका लावू नयेत. आणि कुठे चार शिक्षक सतरंजी टाकून वाचत बसलेले दिसले तर "यातून काय निघालं" असं विचारण्याआधी थोडा वेळ बाजूला बसून ऐकावं. एवढं झालं तर मंडळं आपोआप उभी राहतील. नाही राहिली तर ती त्या गावाची निवड म्हणायची.

साहेबांना माझं मनापासून निमंत्रण आहे. येत्या नोव्हेंबरात, टोळ्या गेल्यानंतरच्या शनिवारी, आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा वाचणार आहोत. 1955 ची ही छोटी कादंबरी आम्ही आधी दोनदा वाचली आहे. धनगरांच्या वाडीवर नेमलेला तरुण मास्तर, शाळेत मूल नाही, मेंढरांमागे गेलेली पोरं एकेक करून गोळा करतो, वाडीचा होऊन जातो, वाडीला तालीम बांधून देतो. मग दुष्काळ येतो, मेंढरं मरतात, माणसं पांगतात, आणि शाळा ओस पडते. माडगूळकरांच्या वाडीवर हे एकदा घडलं. आमच्याकडे दर नोव्हेंबरात घडतं.

शेरेबुक आणू नका. पुस्तक वाचून या आणि आमच्यासारखीच सुरुवात करा, न कळलेल्या पानापासून. माझं पान आधीच सांगून ठेवतो. दोनदा वाचूनही मला त्या कादंबरीचा शेवट कळलेला नाही. वाडी रिकामी झाल्यावर मास्तरानं काय करायचं असतं? चौदा नावांपुढे खूण करून बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते पान अडलेलं आहे. तुम्हाला कळलं असेल तर आम्हाला सांगा. कळलं नसेल, तर तेही त्याच सतरंजीवर बसून सांगा.